१,७६,६३,१९,०४९ या संख्येत आहे तरी काय?

धरणगावच्या एका जिनिंगमध्ये हिशेब बघणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. तो घरच्यांना घेऊन चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेला होता. तिथे कुणीतरी त्याला सांगितलं की १,७६,६३,१९,०४९ ही भास्कराचार्यांची संख्या आहे. तिचा वर्ग करायचा, २२,६१,५३,९८० या संख्येच्या वर्गाची ६१ पट त्यातून वजा करायची, बरोबर १ उरतो. घरी येऊन त्याने एक्सेलमध्ये टाकून पाहिलं तर उत्तर ० आलं. आता तो विचारतो: चूक कुणाची? ही संख्या मूळ आहे का? हिच्यात आणखी काय आहे? आणि शेवटी अहिराणीत, "सर, इतला मोठा आकडा कसाले?" म्हणजे इतका मोठा आकडा कशाला?

शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, त्यावर सावकाश येतो. आधी एक्सेलचं बघू.

तुझा आकडा बरोबर आहे, सूत्रही बरोबर आहे. एक्सेल संख्या ५३ बिटांच्या मापात साठवतो आणि दाखवताना पहिले १५ अंकच खरे दाखवतो, पुढे शून्यं लावतो. आपल्या संख्येचा वर्ग आहे ३११९८८२९८२८६०२६४४०१. हे १९ अंक झाले. एवढ्या उंचीवर एक्सेलला साठवता येणाऱ्या लागोपाठच्या दोन संख्यांमध्ये ५१२ चं अंतर असतं. मधल्या सगळ्या संख्या त्याच्या लेखी जवळच्या खुंटीला बांधलेल्या. आता ६१ पट केलेला दुसरा वर्ग आहे ३११९८८२९८२८६०२६४४००. दोन्ही एकाच खुंटीला गेले आणि वजाबाकी शून्य झाली. तुझ्या गाठींच्या वजनात आणि रकमांत ही भानगड कधी येणार नाही, कारण तिथे १९ अंकी आकडा येतच नाही. पायथॉनमध्ये हेच गणित टाकलंस तर १ येईल, तिथे पूर्ण संख्येला अंकांची मर्यादा नाही.

पण मला विचारशील तर यंत्र बाजूला ठेव. हे कागदावर पाच ओळींत सिद्ध होतं, आणि ते करतानाच ही संख्या काय चीज आहे ते कळतं.

बोलायला सोपं म्हणून १,७६,६३,१९,०४९ ला थोरली म्हणू आणि २२,६१,५३,९८० ला धाकटी. जुन्या ग्रंथांतही ज्येष्ठ आणि कनिष्ठ असंच म्हणतात. थोरलीतून १ वजा कर: १,७६,६३,१९,०४८. याचं निम्मं ८८,३१,५९,५२४. हा २९७१८ चा पूर्ण वर्ग आहे. आता थोरलीत १ मिळव: १,७६,६३,१९,०५०. याला १२२ ने, म्हणजे ६१ च्या दुपटीने भाग: १,४४,७८,०२५. हा ३८०५ चा पूर्ण वर्ग आहे. म्हणजे थोरलीच्या अलीकडची संख्या एका वर्गाची दुप्पट आणि पलीकडची संख्या दुसऱ्या वर्गाची १२२ पट. शाळेतलं सूत्र आठव: थोरलीचा वर्ग उणे १ म्हणजे या अलीकडच्या-पलीकडच्या दोघींचा गुणाकार. २ आणि १२२ मिळून २४४, म्हणजे ६१ गुणिले ४. तो ४ म्हणजे २ चा वर्ग. तेव्हा गुणाकार झाला ६१ गुणिले (२ × २९७१८ × ३८०५) चा वर्ग. कंसातलं गुणून पाहा, धाकटी येते, २२,६१,५३,९८०. झालं सिद्ध. १९ अंकी संख्येला हातही लावावा लागला नाही.

(धाकटी लिहिताना मधेच ‘एकसष्ट लाख’ येतं बघ. त्याला काही अर्थ नाही. पण वर्गात फळ्यावर लिहिलं की कुणीतरी हमखास बोट दाखवतंच.)

नवाचा ताळाही घेऊन बघ, हिशेबनिसाला तो नवा नाही. थोरलीच्या अंकांची बेरीज ४६, पुन्हा १०, पुन्हा १. धाकटीच्या अंकांची ३६, म्हणजे ९, म्हणजे ताळ्यात शून्य. १ उणे ६१ गुणिले ० बरोबर १. ताळा जमला म्हणून गणित सिद्ध होत नाही, पण आकडा उतरवताना कुठे घसरला असता तर तो बहुतेक इथेच पकडला असता.

आता ती आली कुठून. भास्कराचार्यांनी बीजगणितात ‘वर्गप्रकृती’ या प्रकारात हे उदाहरण घातलं आहे: अशी कोणती वर्गसंख्या की ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच मिळेल? सोबत ६७ साठीही तेच विचारलंय. ६७ चं उत्तर बेताचं आहे, ४८८४२ आणि ५९६७. ६१ चं मात्र दहा अंकांत जातं. सहज चाचपून हे सापडणार नाही. त्यासाठी ‘चक्रवाल’ नावाची रीत आहे, आणि तिच्या मुळाशी ब्रह्मगुप्ताची ‘भावना’ आहे. ब्रह्मगुप्ताचा ग्रंथ सन ६२८ चा, भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी शके १०७२ चा, म्हणजे सन ११५०. चक्रवाल भास्कराचार्यांच्याही आधीचं आहे. जयदेव नावाच्या गणितज्ञाची ही रीत सन १०७३ च्या एका टीकेत उद्धृत केलेली आढळते. त्यामुळे ‘भास्कराचार्यांची संख्या’ म्हणताना एवढं ध्यानात ठेव की रीत त्यांच्या हाती आयती आली होती. ६१ हे उदाहरण निवडण्यातली नजर मात्र त्यांची.

भावना म्हणजे काय ते सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर चालतं. समजा एका जोडीत पहिल्या संख्येच्या वर्गातून दुसरीच्या वर्गाची ६१ पट वजा केली की काही एक शिल्लक राहते. या शिलकीला क्षेप म्हणतात. दुसऱ्या एका जोडीचा क्षेप वेगळा. मग या दोन जोड्यांपासून तिसरी जोडी बनते. तिची थोरली म्हणजे थोरल्यांचा गुणाकार अधिक ६१ गुणिले धाकट्यांचा गुणाकार. तिची धाकटी म्हणजे दोन्ही तिरप्या गुणाकारांची बेरीज. आणि तिचा क्षेप दोन्ही क्षेपांचा गुणाकार. एवढंच. दहावीच्या पोराला विस्तार करून सिद्ध करता येईल असं हे आहे, पण सुचायला ब्रह्मगुप्त लागला.

आता कागद घे. सुरुवात ८ आणि १ या जोडीने: ६४ उणे ६१ म्हणजे क्षेप ३. चक्रवालात पुढची पायरी अशी असते की एक संख्या निवडायची, ती ८ मध्ये मिळवली की बेरजेला क्षेपाने, म्हणजे ३ ने, निःशेष भाग जायला हवा, आणि तिचा वर्ग ६१ च्या जितका जवळ तितकं चांगलं. १, ४, ७, १० यांना भाग जातो. ७ चा वर्ग ४९, ६१ पासून १२ वर. १० चा १००, ३९ वर. म्हणून ७. नवी थोरली: (८ × ७ + ६१) भागिले ३, म्हणजे ११७ भागिले ३, म्हणजे ३९. नवी धाकटी: (८ + ७) भागिले ३, म्हणजे ५. नवा क्षेप: (४९ − ६१) भागिले ३, म्हणजे उणे ४. पडताळून बघ: ३९ चा वर्ग १५२१, ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५. बरोबर, उणे ४.

ही ३९, ५, उणे ४ ची पायरी नीट बघून ठेव. थोरलीचे सगळे गुणधर्म इथून निघतात. चक्रवालाचं चक्र खरं म्हणजे असंच पुढे फिरवता येतं, पण क्षेप ४ किंवा उणे ४ आला की ब्रह्मगुप्ताचा आडरस्ता मिळतो आणि भास्कराचार्य त्यानेच जातात.

३९ आणि ५ या जोडीची तिच्याशीच भावना कर. थोरली १५२१ + १५२५ = ३०४६, धाकटी २ × ३९ × ५ = ३९०, क्षेप १६. दोघींचं निम्मं कर: १५२३ आणि १९५, क्षेप ४. आणखी निम्मं करता येत नाही, दोघी विषम आहेत. मग १५२३, १९५ ची ३९, ५ शी भावना: थोरली १,१८,८७२, धाकटी १५,२२०, क्षेप उणे १६. यांना मात्र ४ ने पूर्ण भाग जातो: २९७१८ आणि ३८०५, क्षेप उणे १. वर पडताळ्यात भेटलेल्या दोघी इथे आल्या. आता फक्त उणे घालवायचा, म्हणून या जोडीची तिच्याशीच भावना. थोरली: २९७१८ चा वर्ग अधिक ६१ गुणिले ३८०५ चा वर्ग. ८८,३१,५९,५२४ अधिक ८८,३१,५९,५२५. बेरीज १,७६,६३,१९,०४९. क्षेप १.

तुझ्या ‘कसाले’चं निम्मं उत्तर यातच आहे. ३९ आणि ५ लहानशाच संख्या आहेत. पण क्षेप उणे ४ आहे. विषम संख्यांच्या जोडीतला तो ४ घालवायला तीनदा गुणावं लागलं, म्हणजे घन. उरलेला उणे घालवायला दोनदा, म्हणजे वर्ग. घनाचा वर्ग म्हणजे सहावा घात. चाळिशीच्या घरातल्या संख्येचा सहावा घात चार अब्जांच्या आसपास जातो, तेव्हा आपल्या उत्तराला दहा अंक लागले यात नवल नाही. शेजारी बघ: ६० ला ३१ आणि ४ पुरतात, ६२ ला ६३ आणि ८, ६३ ला तर ८ आणि १. ५९ लाही ५३० आणि ६९ मध्ये भागतं. मधे हा ६१ एकटाच डोंगरासारखा उभा. १०० च्या आत सगळ्यात मोठं लहानातलं लहान उत्तर याचंच आहे. दुसरा नंबर ९७ चा, पण तिथे थोरली ६,२८,०९,६३३ वर थांबते.

आता ‘मूळ आहे का’. नाही. आणि हे कळायला लांबलचक भागाकारही लागत नाही. अकराची कसोटी लाव: एकंपासून एक सोडून एक अंक घे, ९, ०, १, ६, ७, बेरीज २३. उरलेले ४, ९, ३, ६, १, त्यांचीही बेरीज २३. फरक शून्य, म्हणजे ११ ने भाग जातो. पूर्ण अवयव असे:

१,७६,६३,१९,०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७

चौघेही मूळ. यातला १५२३ ओळखलास का? वाटेत निम्मं केल्यावर जी थोरली आली होती, तीच. ती पुढे अवयव म्हणून आली हा योगायोग नव्हे. शेवटच्या पायऱ्यांचा क्रम बदलून बघ: ३९ चा आधी वर्ग करून १५२३ मिळवला आणि मग त्याचा घन केला, तरी पोचतोस तिथेच. १५२३ आणि १९५ ला निम्मं धरून घन केला की धाकटीचं पद १५२३ च्या भाषेत लिहिता येतं, कारण ६१ गुणिले १९५ चा वर्ग म्हणजे १५२३ चा वर्ग उणे ४. आकडेमोड आवरल्यावर उरतं ते हे: थोरली = १५२३ × (१५२३ चा वर्ग − ३) भागिले २. म्हणजे १५२३ × ११,५९,७६३. १५२३ अवयव असणारच होता, फक्त थोरली अंकांत लिहिली की तो दिसत नाही. उरलेल्या ११,५९,७६३ चे तुकडे ११, ५९ आणि १७८७.

असा अवयव आधी माहीत असणं किती उपयोगाचं असतं ते वेगळं सांगायला नको. एरवी दहा अंकी संख्येच्या अवयवांसाठी ४२ हजारांपर्यंतच्या मूळ संख्या चाचपत बसायला लागलं असतं. इथे १५२३ हातात आला की फक्त १०७६ पर्यंत शोधायचं. त्यातही सगळ्या मूळ संख्या बघायची गरज नाही. थोरली म्हणजे एका वर्गाची दुप्पट अधिक १, म्हणून तिच्या कुठल्याही मूळ अवयवाला ८ ने भागलं की बाकी १ किंवा ३ च राहते. ११,५९,७६३ ची दुप्पट म्हणजे एक वर्ग उणे ३, म्हणून त्याच्या अवयवाला १२ ने भागलं की बाकी १ किंवा ११. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४ ने भागून बाकी १ किंवा ११. चाळणी इतकी बारीक झाली की पहिला उमेदवार ११ आणि दुसरा ५९. दोन्ही लागले. नंतर १७८७ उरतो, तो मूळ आहे हे ४२ पर्यंत बघितलं की कळतं.

आणि गंमत बघ, चौघांनाही २४ ने भागलं की बाकी ११ च. ११ तर ११, ५९ मध्ये ४८ आणि ११, १५२३ मध्ये १५१२ आणि ११, १७८७ मध्ये १७७६ आणि ११. १५२३ चं सरळ आहे, तो ३९ चा वर्ग अधिक २, आणि ३९ च्या वर्गाला २४ ने भागून ९ उरतात. बाकी तिघांना १ ची मुभा होती, तरी तिघेही ११ वर उतरले.

दुसरी एक गंमत ११ × ५९ ची. तो गुणाकार ६४९. आणि ६१ च्या जागी १३ घेऊन हाच प्रश्न सोडवलास तर थोरली ६४९ येते, धाकटी १८०. १३ चं गणित अगदी याच घराण्यातलं आहे: ३ चा वर्ग उणे १३ म्हणजे उणे ४, मग ३ चा वर्ग अधिक २ म्हणजे ११, आणि ११ × (१२१ − ३) भागिले २ म्हणजे ११ × ५९. तोच साचा. पण १३ ची पूर्ण थोरलीच्या थोरली ६१ च्या थोरलीची अवयव होऊन बसावी, याला मी योगायोगच म्हणतो.

अवयव चार आणि वेगवेगळे, म्हणून विभाजक १६. त्या सगळ्यांची बेरीज १,९६,१९,३६,६४०. संख्या स्वतः वगळली तर १९,५६,१७,५९१ उरतात, म्हणजे परिपूर्ण संख्या (जिथे ही बेरीज संख्येएवढीच येते) होण्यापासून फारच दूर. संख्येत २, ५, ८ हे अंक नाहीत. बायनरीत लिहिली तर ३१ अंक लागतात. यातल्या कशानेही मला झोप लागायची राहिली नाही.

वर्गांच्या बेरजेचं मात्र सांगण्यासारखं आहे. ४ ने भागून बाकी १ राहते म्हणून पुष्कळ जण म्हणतील की ही दोन वर्गांची बेरीज असेल. नाही. ११ ला ४ ने भागून ३ उरतात आणि तो अवयवांत एकदाच येतो, तेव्हा दोन वर्गांत ती फुटूच शकत नाही. पण ‘एक वर्ग अधिक दुसऱ्या वर्गाची दुप्पट’ अशी ती आठ तऱ्हांनी लिहिता येते. त्यातली एक आपल्या डोळ्यांसमोरच होती: १ चा वर्ग अधिक २९७१८ च्या वर्गाची दुप्पट. दुसरी सांगतो: ३२२५७ चा वर्ग अधिक १९०५० च्या वर्गाची दुप्पट. १,०४,०५,१४,०४९ आणि ७२,५८,०५,०००, बेरीज करून बघ. ही शोधायला चौघा अवयवांचे आधी तुकडे करायचे: ११ म्हणजे ९ + २, ५९ म्हणजे ९ + ५०, १५२३ म्हणजे १५२१ + २ (पुन्हा तोच ३९), १७८७ म्हणजे ७२९ + १०५८. मग ते भावनेनेच एकमेकांत गुंफायचे, ६१ च्या जागी उणे २ घेऊन. अधिक-उण्याची निवड बदलत गेलं की आठही हाती येतात. उरलेल्या सहा तू काढ.

धाकटीचंही एक सांगून टाकतो, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. २९७१८ म्हणजे ३९ × ७६२ आणि ३८०५ म्हणजे ५ × ७६१. म्हणून धाकटी म्हणजे ३९० × ७६१ × ७६२, दोन लागोपाठच्या संख्या आणि ३९०. आणि ७६१ + ७६२ किती? १५२३. मला स्वतःला थोरलीपेक्षा ही घडण जास्त आवडते.

उपयोग काय, असं घरचे विचारतील. थोरलीला धाकटीने भागलं की ६१ चं वर्गमूळ मिळतं, दशांश चिन्हानंतर १७ घरांपर्यंत बरोबर: ७.८१०२४९६७५९०६६५४३९. अठराव्या घरात पहिली चूक येते, तिथे ४ च्या जागी ५ येतो. कुठल्याही अपूर्णांकात याहून जवळ जायचं तर छेद धाकटीहून मोठाच घ्यावा लागतो. ज्योतिषाची गणितं करणाऱ्या माणसाला वर्गमूळं लागायचीच. तरी इतकी घरं कुणाच्या पंचांगाला लागली नसतील, हे उदाहरण हौसेचं आहे हे उघड आहे.

हाच ६१ पुढे फ्रान्समध्ये उगवला. सन १६५७ मध्ये फर्माने तिकडच्या गणितज्ञांना असेच प्रश्न घातले आणि फ्रेनिकल या गणितज्ञाला लिहिताना ६१ आणि १०९ हे आकडे दिले. इंग्लंडातल्या ब्राउंकर आणि वॉलिस यांनी रीत शोधली. पुढे ऑयलरने या समीकरणाला पेल या इंग्रज गणितज्ञाचं नाव चिकटवलं, ज्याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता, आणि तेच रूढ झालं. दर वेळी उत्तर निघतंच याची पक्की सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांजने दिली. भास्कराचार्यांचं बीजगणित कोलब्रूकच्या इंग्रजी भाषांतरातून १८१७ मध्ये तिकडे पोचलं, तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. फर्माने तोच ६१ का निवडला याचं कारण गणितातच आहे, कुठल्या चोरीत ते शोधू नये. लहान आकड्यांत सगळ्यात खट्याळ कोण हे जो शोधेल त्याला ६१ च सापडणार.

पाटणादेवीबद्दल एक खुलासा, कारण तिथे जाऊन आलेले पुष्कळ जण समजतात की ही संख्या तिथल्या शिलालेखात कोरली आहे. तसं नाही. पाटणचा शिलालेख भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. तो शके ११२८ मधल्या दानाचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या राजांनी त्याला उत्पन्न लावून दिलं. लेखाच्या शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात पेठेतल्या मालावरचा कोणता वाटा मठाला द्यायचा ते लिहिलंय. म्हणजे बाजारातल्या वसुलीवर सिद्धांतशिरोमणीची शिकवणी चालत होती. भास्कराचार्य स्वतः पाटणचेच का, यावर विद्वानांत एकमत नाही. त्यांनी आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड असं सांगितलंय आणि ते नेमकं कुठलं यावर वाद आहे. चाळीसगावकर म्हणून मला कुठली बाजू घ्यायची ते माहीत आहे, पण गणिताच्या उत्तरात ती घालणार नाही. त्यांचा ग्रंथ खानदेशात शिकवला जात होता एवढं मात्र दगडावर आहे, आणि त्या मठात कुण्या विद्यार्थ्याने ६१ चं उदाहरण धूळपाटीवर सोडवलं असणार हे मानायला हरकत नाही.

राहिला एक प्रश्न, जो तू विचारला नाहीस पण विचारशील: अशी जोडी एकच का? नाही, अगणित आहेत. थोरली-धाकटीची त्यांच्याशीच भावना केली की पुढची थोरली येते, ६२३९७६५९६५७२०५२८८०१, म्हणजे थोरलीच्या वर्गाची दुप्पट उणे १. तिच्यापुढची आणखी लांब. पण सगळ्या याच जोडीच्या घातांतून येतात, बाहेरची एकही नाही.

आणि १०९ तूच कर. सुरुवातीची जोडी देतो: २६१ आणि २५, क्षेप उणे ४. साचा तोच. २६१ चा वर्ग अधिक २ म्हणजे ६८१२३, मग ६८१२३ × (६८१२३ चा वर्ग − ३) भागिले २. उत्तर १५८०७०६७१९८६२४९ यायला हवं, आणि ६८१२३ मूळ आहे की नाही ते मला कळव.